दारातच हुंगलं

सूनबाई,

तू माहेरी गेल्यापासून त्याने दारूला हात लावलेला नाही. दारू सोडलेल्यांच्या बैठकीला रोज जातो. परतीच्या वाटेवर गुत्ता लागतो, म्हणून बैठकीतला प्लंबर आणि एक म्हातारे मास्तर त्याला घरापर्यंत सोडतात.

आज त्यांना उशीर झाला. दार उघडताच मी पुढे होऊन त्याचं तोंड हुंगलं. तुझे सासरे दारूनेच गेले, ही सवय त्यांच्या वेळेपासूनची.

प्लंबर म्हणाला, "काकू, आम्हीपण रांगेत उभे राहतो, आमचाही वास घ्या!"

मास्तर हसले, मीही हसले. हा मात्र चप्पल न काढताच माझ्यापुढे वाकला. "आई, नीट घे," म्हणाला. तोंडाला चहाचा वास होता.

बाहेरची माणसं त्याला धरून आहेत, आणि मी आई असून चोर पकडायला उभी.

तो सुधारलाय, तू ये, असं लिहायला बसले होते. पण माझाच विश्वास बसत नाही, तर तुला कसं सांगू? हे पत्र टाकत नाही. दार उघडून त्याला नुसतं "जेवायला बस" म्हणता आलं, की दुसरं लिहीन.

तुझी,
सासू