सुटे आहेत का?

१२ जून

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नका. वयाने तुम्ही धाकट्या असलात तरी नणंदेचा मान मोठा, म्हणून आधीच माफी मागून ठेवते. तुमच्या ह्यांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नका त्यांना, ऐकणार नाहीतच म्हणा.

मी बरी आहे. फोनवर तुम्ही माझ्या नाण्यांना हसलात. "वहिनी, या वयात चिल्लर गोळा करतेस?" म्हणालात. आता नीट सांगते, मग हवं तेवढं हसा.

तुमचे दादा गेल्यावर बस-स्थानकाच्या सामानघरात अर्ज द्यायला तुम्हीच मला हाताला धरून नेलं होतंत. लोक बोजे ठेवतात, मी चिठ्ठी देते, खिडकीतून पैसे घेते. दुपारी गाड्या कमी असल्या की वेळ खायला उठतो. असंच एकदा एक नाणं हाती आलं, पार झिजलेलं. वर्षाचा आकडा मी नखाने चाचपून वाचला, तर माझ्या जन्माचं साल! गल्ल्यात टाकवेना. माझ्या पाकिटातलं एक गल्ल्यात टाकलं आणि ते घरी आणलं. झालं, खोडच लागली. प्रत्येक सालचं एकेक नाणं, बटणांच्या खणाखणांच्या डबीत. बाजारात त्यांना फुटकी कवडी जास्त मिळायची नाही. पण एक नेम केलाय, विकत काहीच घ्यायचं नाही. आपसूक हातात येईल तेच आपलं.

समोर चष्म्याचं दुकान आहे, त्याचे मालक रोज मोड मागायला येतात. "सुटे आहेत का?" एवढंच बोलायचे. एकदा मी नाणं डोळ्यांजवळ नेऊन तिरळी झालेली त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन आले. म्हणाले, "आकड्याखाली बघा, बारीक ठिपका आहे. कुठल्या टांकसाळीतलं ते त्यावरून कळतं." म्हणजे एकाच सालची दोन-दोन नाणी जमवायची! मी म्हटलं, "चांगलंच कामाला लावलंत की हो." तेव्हापासून तेही आपला गल्ला उपसून माझ्यासाठी काही निघतंय का बघतात. विधुर आहेत. मुलगा दूर असतो. बोलणं कमी, पण बोलले तर दिवसभर हसू येत राहावं असं. एकदा एक दुर्मीळ साल विकत आणून देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. दोन दिवस रुसले होते.

वन्सं, इथवर लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. पुढचं लिहायचं टाळत होते, खरं तर महिनाभर टाळतेय.

मागे तुम्हाला "जरा कणकण आहे" म्हणाले होते ना, ती कणकण नव्हती. भर दुपारी खिडकीतच पोटात अशी कळ आली की मी खुर्चीवरून खाली. चष्मेवाल्यांनीच मला रिक्षात घातलं. आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात होतं, लगेच ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही गुडघेवाल्या नवऱ्याला सोडून धावत आला असतात. म्हणून गप्प राहिले.

पण सांगायचं ते हे नाही. मला आत नेत असताना दारातल्या परिचारिकेने त्यांना अडवलं. "फक्त नातेवाईक. तुम्ही यांचे कोण?" मी शुद्धीत होते, ऐकत होते. ते बिचारे घुटमळले आणि म्हणाले, "मी... सुटे मागायला येतो." तिने दार लावून घेतलं.

शुद्ध आली तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुमचे हे कालपासून बाहेरच्या बाकावर बसलेत, कोणी आत सोडत नाही." मी "आमचे हे नाहीत" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणवेना.

घरी आल्यावर ते भेटायला आले. मीच विचारलं, "परत कुणी विचारलं, कोण म्हणून, तर काय सांगाल?" भिंग पुसत बसले. चांगलं लख्ख होतं, तरी पुसत होते. मग म्हणाले, "तुम्ही सांगाल ते."

पुढच्या महिन्यात लग्नाची नोंदणी करायची म्हणतोय. तुमच्या दादांबरोबरचा संसार मी कशानेही पुसणार नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तर माझा पाय निघायचा नाही, हेही खरं. माहेरचं आता कुणी उरलं नाही. जे काही आहे ते तुम्ही.

तुमची,
हा शब्द लिहायचा हक्क अजून आहे असं धरून,
वहिनी


२० जून

वहिनी,

लग्नाचं नंतर. पोट फाडलं आणि मला "कणकण" सांगतेस? तोंडात मारीन. भेटलीस की आधी भांडणार आहे, चांगली तासभर.

पत्र वाचून मी रडले. तुझ्यासाठी नाही, दादासाठी. इतकी वर्षं तुझ्या घरी आलं की वाटायचं, तो आत कपडे बदलतोय, येईलच बाहेर. आता तसं वाटून घेता येणार नाही. म्हणून तुझा राग आला. हे तुझ्यापासून लपवत नाही.

दोन दिवस मी घरात भांडी आपटत होते. शेवटी हे म्हणाले, "अगं, तो माणूस रात्रभर बाकावर बसला. तुझी वहिनी दवाखान्यात एकटी असती तर बरं वाटलं असतं का तुला?" यांचा गुडघा दुखतो, डोकं ठीक चालतं.

नोंदणीच्या दोन दिवस आधी मी येते. भिंतीवरचा दादाचा फोटो मी माझ्या घरी नेणार आहे. तुला उतरवायला जमायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालायचा नाही. स्टुलावर चढून मीच उतरवीन. तू फक्त स्टूल धर.

तुझीच,
दादाची धाकटी