दिवसाला बारा लिटर

सोमवार
आलो एकदाच्या! बदलीचं गाव, दुसरा मजला, हवेशीर खोल्या. ताई म्हणाली, स्वयंपाकघर एवढं मोठं की दोघींना एकमेकींना शोधावं लागेल. पाणीपुरवठा कार्यालयातलं माझं काम म्हणजे आणीबाणीत कोणत्या घराला किती पाणी लागेल याचा अंदाज काढणं. माणशी रोज चार लिटर, निम्मं पिण्याला, निम्मं बाकीच्याला. पुराचा इशारा आहे, तेव्हा सुरुवात आपल्याच घरापासून. दोघी, सात दिवस, छप्पन्न लिटर. वीस-वीसचे तीन कॅन भरले. ताईने विचारलं, पोहायला शिकतेस की काय?

मंगळवार
खालचा मजला पाण्यात गेला. नळ बंद, फोन बंद. तरी पत्त्यांचा डाव छान रंगला. संध्याकाळी मोजलं, तर आठ नव्हे, बारा लिटर गेलेले. ताई फणकारली, मी काय म्हैस आहे?

बुधवार
आजही बारा. कॅन गळत नाहीत, फरशी कोरडी. ताईशी कडाक्याचं भांडण झालं. न उघडलेल्या कॅनच्या झाकणाला चिकटपट्टी लावली, वर सही ठोकली.

गुरुवार
पट्टी जशीच्या तशी. सही माझीच. आत चार लिटर कमी.
ताई म्हणते, दुपारी मागच्या खोलीत कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं. खोली तर रिकामी आहे. मी हसायला गेले, जमलं नाही. बाहेरून कडी घातली.

शुक्रवार
सकाळी पाहिलं, पाणी काल होतं तेवढंच. हुश्श केलं. मग ताईला उठवायला गेले.
ओठ तडकलेले. हाताची कातडी चिमटीत धरली, सोडली — तशीच उभी राहिली.
पाजतेय. पाजतेच आहे. पोटात जातंय, अंगी लागत नाही.

शनिवार
ताई डोळे उघडत नाही. उचलली — रिकाम्या पिशवीएवढी हलकी. माझी ताई.
आता माझी जीभ टाळूला चिकटते. पापण्या खरखरतात.

दुपार
होडी! होडीवाला हाका मारतोय. खिडकीशी धावले, तोंड उघडलं — आवाजच नाही.
मागच्या खोलीतून उत्तर गेलं. ताईचाच आवाज, पण पाण्याने भरल्या गळ्याचा, ओला. आम्ही मजेत आहोत दादा, तुम्ही पुढे जा.
मी जिवाच्या आकांताने हात हलवला. त्यानेही हलवला, हसून.
होडी वळली.

कडी पडली —
पावलं. चपचप. कॅनपाशी थांबली नाहीत — ताईच्या दारावरून पुढे — इकडे