पांढऱ्या फरशीवर पावलं

८ जुलै २००७, रविवार
फुलचूरला येऊन महिना झाला. पाळकाचं घर म्हणजे मंडळीचं घर, असं हे चर्चमध्ये उपासनेत सांगून मोकळे होतात. मंडळी मात्र उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही! आज पाच बायका आल्या. दारापाशी सतरंजीच्या कडेला टेकल्या, चहा फुंकून फुंकून संपवला, चालल्या. त्यांतली एक रुख्माबाई — मुर्री गावची, मूळची देवरीकडच्या जंगलातली, गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन विश्वासात आलेली. गाते काय सुंदर! तिला म्हटलं, आत बसा ना. "इथंच बरं हाये जी."

त्या उठल्या तशी फरशी पुसून घेतली. पांढरी फरशी, त्यात भाताच्या रोवण्याचे, म्हणजे लावणीचे, दिवस. चिखल काही लपत नाही.

पण आत का येत नाहीत?

११ जुलै, बुधवार
कपबशीचा संकोच वाटत असेल. काचेचे साधे ग्लास काढले. पडदेही धुतले. घर कसं लख्ख दिसतंय!

१५ जुलै, रविवार
तिघीच आल्या. ग्लासांचा काही उपयोग नाही. रुख्माबाई तर उपासनेलाही नव्हती. हे म्हणाले, रोवणा चालू आहे. रोवणा काय तिच्या एकटीचा आहे?

प्रेमिला आमच्याच मंडळीतली, शिलाई करते, सगळ्यांची खबर ठेवते. ती निघाली तसं तिला दारातच गाठलं. "मले काय मालूम," म्हणाली, आणि माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत चप्पल घातली.

२२ जुलै, रविवार
आजही रुख्माबाई नाही. तिच्याशिवाय गाणं उचलेचना. यांनी नेमकं वचन घेतलं — पाहुणचार करण्यात तत्पर असा. पहिल्या रांगेत बसून माझे कान तापले. मनात सारखं येतंय, ही बाई मंडळी सोडून गेली तर? आणि माझ्या दारातून परत गेली असली तर? यांना विचारून काही उपयोग नाही. मीच मुर्रीला जाणार.

२४ जुलै, मंगळवार
गेले. काय ते घर! खाटेवर कपड्यांचा ढीग, डोक्यावर दोरीला ओली लुगडी, चुलीचा धूर, पायात कोंबडी. मी कुठे टेकावं ते शोधतेय तोवर तिने एका हाताने ढीग लोटला. "बसा." झालं. ‘पसारा आहे हं, आवरायचं राहिलं’ असं काही म्हणणं नाही! मी तर पसारा नसतानाही म्हणते.

बिनदुधाचा चहा दिला. शेजारीण आली, तिच्यापुढे लसूण टाकला. माझ्याहीपुढे टाकला. सोलता सोलता दोघी गायला लागल्या, मीही. मला घरी पाहुण्याला काम सांगायची हिंमत झाली नसती. पण तास कसा गेला कळलं नाही. इतकं मोकळं मला इथे आल्यापासून कुठे वाटलं नव्हतं.

शेजारीण गेल्यावर सरळच विचारलं — माझ्याकडे का येत नाही? तिनेही सरळच सांगितलं.

"आमी उठलो का तुमी पुसता. पाय दाराबाहेर निंगाला नाई का फडकं. आमच्या गावात सारी जमीन मालगुजाराची, त्याची बाई असंच करे. आमी बसलो तेथं पानी टाके. प्रभूच्या घरीबी तेच, त मंग येऊ कायले?"

अहो, मी चिखल पुसते, म्हटलं. तुम्हाला नाही.

"हव जी. मालगुजाराची बाईबी चिखलच हाये म्हने."

निघताना म्हटलं, रविवारी या. "पाहू," म्हणाली.

२५ जुलै, बुधवार
प्रेमिलाला विचारलं, तुलाही तसंच वाटायचं? "हव," म्हणाली, आणि मशीन चालवत राहिली.

२७ जुलै, शुक्रवार
नगरला आईला फोन केला. माणूस उठला की लगेच पुसायचं, ही सवय तूच लावलीस ना गं? का?

आई म्हणाली, "मी दळण न्यायला पाटलाच्या ओसरीवर बसायचे. उठले की पाटलीणबाई त्या जागेवर पाणी शिंपडायच्या. तेव्हाच ठरवलं, माझ्या लेकीचं घर असं ठेवायचं की कुणाला नाव ठेवायला जागा नको."

एवढ्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. फोन ठेवला आणि खूप रडले. आईच्या जागेवरचं ते पाणी — मी ते रुख्माबाईच्या जागेवर फिरवत होते.

२९ जुलै, रविवार
रुख्माबाई आली! अनवाणी, रस्त्याचा सगळा चिखल पायांना. दारापाशीच टेकली. तिला आईचं सांगितलं, पाटलाच्या ओसरीसकट. तिने ऐकून घेतलं. मग उठली. वाटलं, गेली.

ती माझ्या शेजारून, फरशीवर चिखलाची पावलं उमटवत, सरळ आत गेली, स्वयंपाकघरात. आतून आवाज आला — "साखर कोठं ठेवता जी?"