यानातली स्वयंपाकीण कुठं गेली

रविवार, दिवेलागण, वेस्ट मांबलम

मीरा, लिही. आणि लिहिलेलं उद्या मला वाचून दाखव. मागच्या रविवारी कोण विसरलं, ते मी सांगत नाही.

आज तुझे दोस्त पुन्हा जमले, लहानपणची ती अंतराळयानाची मालिका डिस्कवर बघायला. इतक्यांदा पाहिलेली, की कप्तानाच्या आधी हेच त्याचं बोलणं बोलून टाकतात. पहिल्यांदा बघणारी मी, तुझी आजी, एकटी. मला खालची अक्षरं वाचता येत नाहीत, चेहरे वाचता येतात. म्हणून विचारलं, "ती स्वयंपाकीण कुठं गेली? मागच्या वेळी कप्तानाशी भांडून दार लावून बसली होती."

तांबरमचा मुरली म्हणाला, "पाट्टी, मधला एक भाग रटाळ आहे. आम्ही तो नेहमी सोडतो. ती डिस्क मी घरीच ठेवतो."

"बरं, पण बाई जिवंत आहे ना?"

कुणालाच आठवेना. यानाचं बटणन् बटण पाठ, आणि सगळ्यांना जेवू घालणारी मेली की उतरली, ठाऊक नाही.

मुरली फोनवर शोधायला लागला. मी म्हटलं, "ठेव तो. मला बघायचंय."

तेव्हापासून ते लावलेलं दार डोळ्यांसमोर आहे. कप्तानानं ठोठावलं असेल का? की तोही रुसून बसला, आणि ती तशीच निघून गेली?

उद्या मुरलीकडे लिंबूभात पाठव, वर तळलेल्या सांडग्या मिरच्या. डबा रिकामा परत करत नाहीत, हे त्याच्या आईला ठाऊक असेल. तिला सांग, साखर नको, ती डिस्क घाला.