तीनशे मेगाहर्ट्झचा प्रतिस्पर्धी

विश्रांतवाडी, पुणे
नोव्हेंबर २०००

प्रिय रंगराव यांस,

सप्रेम जयभीम. तुमचा रामराम पोचला असं मी इथूनच धरून चालतो, म्हणजे तुम्हाला निदान पत्राची सुरुवात करायचे कष्ट पडणार नाहीत. गुडघा कसा आहे? सरुवहिनींना नमस्कार सांगा. लोणीची हवा तुम्हाला मानवली असेलच (पाटबंधारे खात्यात असताना इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शेताला पाणी सोडलंत, आता स्वतःच्या उसाला सोडताय, त्यात प्रकृती सुधारणारच). इकडे माझं ब्लडप्रेशर गेल्या पंधरवड्यात थोडं वर गेलं होतं. त्याचं कारण मीठ नसून कॉम्प्युटर आहे. ते सविस्तर लिहितो, कारण डॉक्टरांना सांगून काही उपयोग झाला नाही.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात तेव्हापासून माझा बुद्धिबळाचा पट कपाटावर पडून आहे. इमारतीत विचारून पाहिलं. तळमजल्यावरचे एक गृहस्थ तयार झाले, पण ते घोडा सरळ चालवतात आणि चूक दाखवली की रागावतात. अशा वेळी आमच्या आम्रपालीने घरी कॉम्प्युटर आणला. सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यावर स्वतःच्या पगारातून घेतलेली तिची ही पहिली मोठी वस्तू. तिने त्यात बुद्धिबळाचा खेळ घालून दिला, आणि मी त्या यंत्राला रोज हरवू लागलो. सुरुवातीला बरं वाटलं. पुढे मात्र संशय येऊ लागला. एकेक खेळी करायला ते इतका वेळ घ्यायचं की माझा पेपर वाचून व्हायचा, आणि एवढा विचार करून हलवायचं काय, तर कडेचं प्यादं.

मी आम्रपालीजवळ तक्रार केली. ती म्हणाली, "पप्पा, प्रोसेसर जेवढा वेगवान, तेवढ्या पुढच्या खेळ्या तो बघतो. आपला तीनशे मेगाहर्ट्झचा आहे. थोडा जास्त पळवता येतो, पण ते सांभाळून करावं लागतं." याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. म्हणजे कारखान्याने कपाळावर जो वेग छापून दिला, त्याहून अधिक काम त्याच्याकडून करून घ्यायचं. हे मी कांताला समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "उभ्या नोकरीत तुम्ही एका कारकुनाकडून छापील काम तरी करून घेतलंत का?" (तुम्ही त्याच टेबलांवर बसत होता, म्हणून हे फक्त तुम्हाला कळवतो.)

आम्रपालीने अटी घातल्या. वेग एकदम वाढवायचा नाही, एकेक पायरी चढायची. प्रत्येक पायरीवर परीक्षा घ्यायची; तेच ते गणित तासन्‌तास करायला लावून उत्तर चुकतं का ते पाहायचं. तापमानावर लक्ष ठेवायचं. व्होल्टेजला हात लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे आधी चांगला पंखा बसवायचा. मला हे सगळं लगेच पटलं. नवं धरण पहिल्याच पावसाळ्यात काठोकाठ भरत नाहीत, थोडं भरून गळती बघतात, हे तुम्हाआम्हाला तिने सांगायला नको.

पंखा आणायला मी सदाशिव पेठेत गेलो. दुकानदार वर न बघता म्हणाले, "ओव्हरक्लॉकिंगला पाहिजे असेल तर आधीच सांगतो, प्रोसेसरची गॅरंटी संपली."

मी म्हटलं, "अहो, पंखा तुमच्याकडून घेतोय, प्रोसेसर नाही."

"म्हणूनच आनंदाने सांगतोय," ते म्हणाले.

पंख्याखाली लावायची एक पांढरी पेस्टही त्यांनी दिली. प्रोसेसरची उष्णता त्या पेस्टमधून वरच्या धातूच्या पत्र्यात जाते आणि पंखा ती उडवून लावतो. मी ती मनापासून लावली. आम्रपाली बघतच राहिली. "पप्पा, आपण पुरणपोळीला तूप लावत नाही आहोत," म्हणाली, आणि सगळी पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नव्याने लावली.

पहिली पायरी चढलो, काही झालं नाही. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे तीनशे पंचाहत्तरवर, दिवसभर परीक्षा चालू होती आणि कांता तांदूळ निवडता निवडता पडद्यावरचं तापमान मला ओरडून सांगत होती. घरात आजारी माणूस असावं तसं वातावरण होतं. सगळी उत्तरं बरोबर आली. तिसरी पायरी थेट साडेचारशेची होती. ती आपण रविवारी बघू, असं सांगून आम्रपाली सोमवारी कामावर गेली. आता रंगराव, तुम्ही मला ओळखता. जेवण झाल्यावर मी साडेचारशे करून टाकले.

पडदा काळा झाला. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. मी खुर्चीत बसून राहिलो. पोरीने पहिल्या पगारांतून घेतलेली वस्तू मी एका दुपारी घालवली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं ते सुचेना. कांताने आम्रपालीच्या ऑफिसचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वायर काढा. आत नाण्यासारखी बॅटरी दिसेल. ती काढून थोडा वेळ बाजूला ठेवा, म्हणजे तो वाढवलेला वेग विसरेल. परत लावा आणि सुरू करा." कांताने बॅटरी (टॉर्चची) धरली आणि मी बॅटरी (नाण्यासारखी) काढली. परत लावून बटण दाबलं, तर पडदा उजळला. मी खालची जमीन धरून उठलो.

संध्याकाळी आम्रपालीने आधी जेवण केलं, मग तीनशे पंचाहत्तर लावले आणि म्हणाली, "यापुढे मी घरात नसताना झाकण उघडायचं नाही." मी हो म्हटलं. खात्यात मेमो मिळाले, पण इतका थोडक्यातला एकही नव्हता.

तेव्हापासून यंत्र झपाट्याने खेळतं आणि मी रोज हरतो. हरण्याचं दुःख नाही, तुमच्याशीही हरलो आहे. पण तुम्ही जिंकलात की मांडीवर थाप मारून कांताला बोलवायचात, आणि मी तुमचा उंट मारला की अर्धा तास अबोला धरायचात. हे यंत्र कुणाला बोलवत नाही की रुसत नाही. मात झाली की नवा पट मांडून बसतं.

सर्वांना नमस्कार. उसाला तोड कधी आहे ते कळवा.

आपला,
तात्याराव ओव्हाळ

ता. क. काल आम्रपालीकडून कळलं की सुरुवातीला तिने खेळ लहान मुलांच्या पातळीवर ठेवला होता आणि पंखा बसवला त्याच दिवशी ती पातळी वाढवली. सबब माझ्या हरण्यात ओव्हरक्लॉकिंगचा वाटा किती, हे सांगता येत नाही.

ता. क. २. मार्केट यार्डात कांदा घेऊन येणं होतच असेल, तर एखादी फेरी इकडे होईल का? मुद्दाम येऊ नये. गुडघा सांभाळावा.

रंगरावभाऊ, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे आलंय म्हणून खाली जागा आहे तिथे लिहिते. मुद्दामच या. हे रोज संध्याकाळी त्या यंत्रापुढे बसतात आणि आतमध्ये हाक मारून दोन कप चहा सांगतात. दुसरा ओतून टाकवत नाही म्हणून मी पिते, आणि मला पित्त आहे. तेवढं बघा.
— कांता