चार नंबरचं इंजिन

३ मार्च, सोमवार

अर्ज गेला! ताईने सही केली, भाचीने बटण दाबलं आणि आमच्या चारही बसगाड्यांचं मरण ठरलं.

योजना अशी — जुनी डिझेल गाडी सरकारच्या माणसासमोर मोडायची, मग बॅटरीवरच्या नव्या गाडीची निम्मी किंमत सरकार भरणार. घेतली नाही तर? वर्ष संपलं की डिझेलच्या बसला शहरात पाऊल ठेवता येणार नाही. म्हणजे कारखान्याच्या कामगारांना ने-आण करायच्या आमच्या चारही फेऱ्या बंद. "हसून करा नाहीतर रडून, करायचं तर आहेच," ताई म्हणाली. मालकीण ती. मी तिचा धाकटा भाऊ आणि गेली एकतीस वर्षं तिचा मिस्त्री.

नव्या गाड्या विकणारा माणूसही आला होता. बुटांना धूळ नाही. मी विचारलं, देखभालीचं काय? तो म्हणाला, "काका, या गाड्यांत बिघडायला आहेच काय?" सगळे हसले. मीही हसलो.

मग भाचीने योजनेची पुस्तिका मोठ्याने वाचली. इंजिनला तीन इंची भोक पाडणार, चासी म्हणजे खालचा सांगाडा मधोमध कापणार, त्याआधी गाडीची ओळख पटवणार. "आणि मामा, हे ऐक — गाडीबद्दलची कुठलीही माहिती खोटी निघाली तर सगळा अर्ज रद्द आणि कंपनी कायमची काळ्या यादीत."

डोळ्यांसमोर आमची चौथी गाडी आली. चार नंबर!

४ मार्च

जेवण गेलं नाही. ताईला सांगितलं, पित्त झालंय.

५ मार्च, बुधवार

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचतंय!

अकरा वर्षांपूर्वी चार नंबरचं इंजिन जाम झालं. भावजी तेव्हा दवाखान्यात. ताई सकाळी गाड्या सोडायची, दुपारी त्यांच्याजवळ बसायची. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. मी भंगारातून एक चांगलं इंजिन शोधलं, तीन दिवसांत बसवलं. भावजींनी पडल्या पडल्या विचारलं, "कागदांचं काय?" मी म्हटलं, "माझ्यावर सोडा." सोडलं. महिनाभरात ते गेलेच.

कागद बदलायचे म्हणजे चार खेटे. त्यापेक्षा मी इंजिनवरचा नंबर ग्राइंडरने घासला आणि जुन्या इंजिनचा नंबर त्यावर ठोकला. माझ्या ठशांच्या डबीत तीनचा ठसा तुटलेला. तो तीन मी छिन्नीने हाताने कोरला. इतरांपेक्षा बुटका आहे, आणि जरा पुढे वाकलेला — म्हातारा खाली पडलेली काठी शोधतोय तसा. तेव्हा स्वतःवर खूश झालो होतो. कोणाला कळणारसुद्धा नाही, म्हटलं.

अकरा वर्षं खरंच कोणाला कळलं नाही. मीही विसरलो होतो. आज शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून बॅटरी मारून पाहिलं. आता त्या नंबरात मला तीनशिवाय काही दिसत नाही.

८ मार्च, शनिवार

खाई त्याला खवखवे. ताई फोनवर "नंबर" म्हणाली तरी दचकतो. ती चष्म्याचा नंबर सांगत होती.

चार नंबर चालवणाऱ्याला आम्ही 'विमान' म्हणतो, कारण त्याला सायकलीसुद्धा मागे टाकतात. त्यामुळेच बावीस वर्षांत एक ओरखडा नाही. हल्ली तो फार खुशीत आहे. नव्या गाडीचं चित्र त्याने काचेला चिकटवलंय. "आवाज नाही, हादरे नाहीत. माझी कंबर वाचली रे!" मग फडकं पिळता पिळता म्हणाला, "मिस्त्री, तुझं काय आता?"

वाईट मनाने नाही विचारलं. मी तडक खड्ड्यात उतरलो आणि उगाचच एक घट्ट असलेला नट घट्ट केला.

खरंच, माझं काय? मी इंजिनाच्या आवाजावरून सांगतो, कुठल्या सिलिंडरला काय झालंय. बिनआवाजाच्या गाडीला मी काय विचारणार? भाचीने नव्या गाडीच्या दुरुस्तीचं एक चित्र दाखवलं. कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि नारंगी तारा. चुकीची तार धरली तर माणूस जागेवर संपतो म्हणे. छप्पन्नाव्या वर्षी मला माझ्याच कामाची भीती वाटायला लागली!

११ मार्च, मंगळवार

पत्र आलं. सोमवारी, सतरा तारखेला, सकाळी दहा वाजता चारही गाड्या तोडणीच्या आवारात. तपासणीला सरकारी बाई येणार. फार कडक आहेत म्हणे.

पुस्तिका मी हत्यारांच्या पेटीत आणून ठेवली आहे. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचली. बारा कलमं झाली. पुढची पानं ग्रीसने एकमेकांना चिकटली आहेत. ओढली तर फाटतील, म्हणून सोडून दिली.

दुपारी ताईकडे गेलो होतो, सांगायलाच. ती भिंतीवरच्या भावजींच्या फोटोची काच पुसत होती. "बोल की," म्हणाली. मी म्हटलं, "चहा टाकतेस का?" दोन कप प्यालो आणि परत आलो.

काय सांगायचं? तुझ्या नवऱ्याची कंपनी एका बुटक्या आकड्यापायी बुडणार आहे, असं? सोळा माणसांची पोटं या चार गाड्यांवर आहेत. रागावली तर बरं. रडली तर काय करू?

१२ मार्च, बुधवार

दोन नंबरच्या इंजिनाच्या सांध्यात चिकटलेलं गॅसकेट खरवडायला नवं ब्लेड काढलं. मरणाऱ्या गाडीचं गॅसकेट! सवय जात नाही.

ब्लेड बोटाला लागलं. फार नाही.

१५ मार्च, शनिवार

केलं.

दुपारी ताई आणि भाची बँकेत. ड्रायव्हर मंडळी घरी — काल शेवटची फेरी झाली, विमानाने तर स्टिअरिंगला हात जोडले. शेडमध्ये मी एकटा. दार आतून लावलं.

नंबर नुसता घासला असता तर घासल्याचं दिसलं असतं. भोकाला कोण विचारतं? योजनेतच भोक आहे! सोमवारी ते पाडणार, मी शनिवारी पाडलं, एवढंच. ड्रिलला सगळ्यात जाड बिट लावला आणि बरोबर त्या तीनवर टेकवला. आधी पाणी आलं, मग काळं तेल. मी इतका घाबरलेला की वाहतं तेल तळहाताने अडवत बसलो. जसं काही ते थांबणारच होतं.

शेवटी आठ आकडे होते तिथे दातेरी कडेचं भोक राहिलं. खाली वाकून आत पाहिलं. हे इंजिन मी तीन दिवसांत बसवलं होतं. मारायला पाऊण तास लागला.

लादी तीनदा पुसली. वास जात नाही.

१६ मार्च

भाची म्हणाली, "मामा, तुला ताप आहे का?" कपाळाला हात लावून बघितलं. तिने हात काढून घेऊ नये असं वाटलं.

१७ मार्च, सोमवार

सावकाश लिहितो. सगळं नीट आठवायला हवं.

सकाळी विमान गाडी काढायला आला. मी म्हटलं, "चालू करू नकोस. तेल सांडलंय. दोरीने ओढून नेऊ." ताई म्हणाली, "शुक्रवारी तर चालत होती." मी म्हटलं, "तोडायचीच आहे ना? चालत गेली काय आणि ओढत गेली काय." एक नंबरने चारला ओढलं. विमान मागे रिकाम्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. तोंड उतरलं होतं त्याचं.

तपासणीच्या बाई पस्तिशीच्या. पायात जाड बूट, हातात कागद अडकवलेली पाटी. कडक वगैरे काही नाहीत — पाणी प्यायलात का, असं आधी विचारलं. एक, दोन, तीन नंबर स्वतःच्या इंजिनावर आत आल्या. बाईंनी खूण केली. मग दोरीवरची चार नंबर दिसली.

"ही चालत का नाही?"

"बिघाड आहे," मी म्हटलं.

त्या खाली वाकल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत. "हे भोक कोणी पाडलं?"

"मी. म्हटलं, तुमचं काम हलकं होईल."

कोणी हसलं नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "कलम चौदा. प्रत्येक गाडी आमच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या इंजिनावर चालत यायला हवी. नाहीतर लोक वर्षानुवर्षं बंद पडलेली धुडं आणून पैसे नेतील. अर्जातली एक जरी गाडी चालत आली नाही, तर सगळा अर्ज रद्द."

ताईने कट्ट्याला धरलं. मी वेड्यासारखा बोलायला लागलो — बाई, शुक्रवारपर्यंत चालत होती, कारखान्यात विचारा, इंजिनचा नंबर—

"इंजिनचा नंबर?" बाई म्हणाल्या. "तो आम्ही बघत नाही. जुन्या गाड्यांची इंजिनं बदललेलीच असतात. आम्ही फक्त चासीचा नंबर बघतो."

फक्त चासीचा! दोन आठवडे मी ज्याच्यापायी अन्न सोडलं, त्याला त्यांच्या कागदावर रकानासुद्धा नाही. एकदा विचारलं असतं तर! पण विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही.

ताईचं डोकं चाललं, माझं नाही. तिने विचारलं, "चार नंबर आत्ता अर्जातून मागे घेतली तर?" बाईंनी पानं उलटली, फोन लावला, मग म्हणाल्या, चालेल. ताईने बोनेटवर कागद ठेवून सही केली. तीन गाड्या वाचल्या. म्हणजे तिघींना भोकं पडली, त्या कापल्या गेल्या. चार नंबर तशीच दोरीवर परत आली. ना इकडची ना तिकडची.

कलम चौदा मला कुठे माहीत होतं! पानं चिकटलेली होती. मी काही मुद्दाम नाही केलं.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी ताईला खोट्या नंबराचं सगळं सांगितलं. भावजी, भंगार, छिन्नी, तीन. ती ऐकत राहिली. "अकरा वर्षं पोटात ठेवलंस?" एवढंच म्हणाली. मग, "कलम चौदा वाचायला हवं होतंस रे." मी म्हटलं, पानं चिकटलेली होती. तिने मान हलवली. विश्वास ठेवला.

२० मार्च, गुरुवार

चौथी फेरी गेली. आमच्याकडे गाड्या तीनच येणार, म्हणून कारखान्याने ती दुसऱ्या कंपनीला दिली. विमानाला ताईने बदली ड्रायव्हर म्हणून ठेवलंय — कोणी आजारी पडलं तर काम. बावन्न वर्षांचा आहे. दुसरीकडे कोण घेणार? थोरल्या मुलीचं कॉलेज चालू आहे.

तो रोज वेळेवर येतो, शेडजवळच्या बाकावर बसतो. आज माझ्याजवळ आला. नंबराचं ताईने त्याला सांगितलंय; वाटलं, आता शिव्या घालणार. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, मिस्त्री. माझ्या गाडीसाठी घाबरलास, म्हणून झालं." काचेवरचं चित्र त्याने काढलंय. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरलेत.

मला त्या बाकासमोरून जाववत नाही. मागच्या दाराने जातो.

२४ मार्च, सोमवार

भाची कागदांचा गठ्ठा लावत होती. त्यातला एक तिने माझ्यापुढे धरला. "मामा, तुझं आलं बघ!"

योजनेत प्रत्येक कंपनीच्या एका मिस्त्रीला शिकवायची सोय आहे. सहा आठवडे, खर्च सरकारचा. हातमोजेसुद्धा तेच देणार. अर्जावर माझं नाव, ताईची सही. तारीख तीन मार्च.

तीन मार्च! बटण दाबलं, त्याच दिवशी. तो विकणारा हसला, मी हसलो, त्याच दुपारी. "तुला आधी सांगितलं असतं तर नाही म्हणाला असतास," ताई आतून म्हणाली. "मंजूर झालं की सांगणार होते. मिस्त्री तूच. दुसरा आणून मी काय करू?"

मी हात धुवायला गेलो. बराच वेळ धूत राहिलो.

२५ मार्च

वहीलासुद्धा सांगायची भीती वाटत होती. चिकटलेली पानं मी बारा तारखेलाच ब्लेडने सोडवली होती. बोट कापलं ते तिथे, गॅसकेटवर नाही. कलम चौदा तीनदा वाचलं. एक गाडी बाद झाली की सगळा अर्ज बाद, चारही डिझेलच्या गाड्या माझ्या खड्ड्यावर परत, वर्ष संपेपर्यंत तरी माझं काम माझ्याकडे — मग ड्रिल उचललं.

विमान बाकावर आहे. तोंडाने मला सांगता येणार नाही. ही वही याच पानावर उघडी करून ताईच्या टेबलावर ठेवतोय.