अर्ध्या तासाचा पाऊस

प्रिय श्री,

सईनं तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. ऑस्ट्रियाहून परत आल्यापासून. एरवी शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच हॉलमधल्या तुझ्या फोटोसमोर उभी राहायची आणि कुणी कुणाचा चार्जर ढापला इथपासून सगळं तुला सांगायची. आल्यापासून मात्र पायमोजे काढत सरळ खोलीत. तुला कारण कळलं नसणार. ते कारण म्हणजे माझ्या तोंडून निघालेलं एक वाक्य, आणि काल दुपारी त्याचं जे झालं ते तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहायला बसले. सुरुवातीपासून सांगते. नाहीतर दर ओळीला "पण का?" विचारशील!

आम्ही तुझे धबधबे बघायला गेलो होतो, श्री. हो, तेच! आल्प्समधलं ते नेचर पार्क, डोंगरात एकावर एक असलेले तीन धबधबे. त्यातल्या सगळ्यात वरच्याचा फोटो तुझ्या लॅपटॉपवर अजून आहे. तिथे चढायच्या सरावासाठीच तर तू पाठीवर तांदळाची पिशवी बांधून सिंगापूरच्या यिशुनमधल्या आपल्या बिल्डिंगचे जिने चढायचास. शेजारच्या आंटी काळजीनं विचारायच्या, "लिफ्ट स्पॉइल आह?" आणि तू धापा टाकत म्हणायचास, "नो नो आंटी, आल्प्स!" त्या बिचाऱ्यांना वाटलं, आल्प्स हे कुठल्यातरी दुखण्याचं नाव.

जूनच्या सुट्टीची तिकिटं तू काढलीस आणि सुट्टी लागायच्या आधीच गेलास. दोन वर्षं मी तो विषय काढला नाही. यंदा सईच हट्टाला पेटली. "आय वॉन्ट टू सी बाबाज् वॉटरफॉल. द टॉप वन." सोळा वर्षांची मुलगी आणि हट्ट हुबेहूब तुझा. तुझी चालायची काठीही तिनंच बॅगेत घातली.

पहिल्या धबधब्याशी जत्रा होती. लाकडी कठडे, सेल्फी, लहान मुलं. दुसरा झाडीतून एकदम समोर आला, पांढराशुभ्र, आणि तुषार इतके गार की चेहरा बधिर झाला. आल्प्समध्ये उन्हाळा म्हणतात त्याला! पुढे एक ओढा लागला. त्यात सपाट दगड ओळीनं टाकलेले, मध्ये घोट्याएवढं नितळ पाणी. दगडांवरून उड्या मारत आम्ही पलीकडे गेलो. तिसऱ्या धबधब्याचा आवाज वरून यायला लागला होता.

आणि पाऊस आला.

वर एक मोठा खडक छपरासारखा पुढे आलेला होता, त्याखाली बाक. आम्ही तिथे शिरलो. सईनं आरामात पाठपिशवी उतरवली, चिवड्याचं पाकीट फोडलं आणि म्हणाली, "हाफ अवर. बाबा सेड."

तुझा तो नियम! आठवतं, ईस्ट कोस्ट पार्कात सायकली चालवताना आभाळ फाटलं की आपण त्या शेडमध्ये उभे राहायचो? तू इथल्या कॉफीचे, कोपीचे, घोट घेत प्रवचन द्यायचास. "सिंगापूरचा पाऊस शिस्तीचा. येतो, काम उरकतो, जातो. भिजतो तो येडा. अर्धा तास थांबायचं, सगळं आपोआप जातं." सई मिलो पीत मान डोलवायची. तिच्यासाठी ते वेदवाक्यच झालं. तू गेल्यावर तर तुझी साधी वाक्यंसुद्धा तिनं देव्हाऱ्यात बसवली. त्यांच्यावर शंका घ्यायची नाही.

पण मी भोरजवळच्या खेड्यातली. तू सदाशिव पेठेतला, तुला पाणी म्हणजे नळाला येतं ते. मी खडकाखालून ओढ्याकडे बघत होते आणि पाण्याचा रंग बदलला. आधी नितळ, मग तुझ्या दूध घातलेल्या कोपीसारखं. काटक्या वाहत यायला लागल्या. लहानपणी आमच्याकडे ओढा गढूळ झाला की पलीकडची गुरं आधी अलीकडे आणायचे, पाऊस किती पडतोय ते नंतर बघायचे. कारण खरा पाऊस वर डोंगरात पडत असतो. तो थांबला तरी पाणी चढतच राहतं.

"सई, ऊठ. ओढा आत्ता परत ओलांडायचा."

"आई, वेट लाह! वी आर ड्राय हिअर."

"पाणी वाढतंय. नंतर जाता येणार नाही."

"इट्स जस्ट देअर! तू ऐक ना, आवाज येतोय त्याचा. बाबा वुड वेट."

मी हाताला धरून ओढलं, तिनं हात सोडवून घेतला. मी समजावलं, ओरडले, विनवण्या केल्या. ती बाक धरून बसली. डोळ्यांत पाणी, हनुवटी वर. बाबांचा धबधबा बघितल्याशिवाय ती हलणार नव्हती. दगडांची ओळ मला दिसत होती, पहिला दगड पाण्याखाली गेला होता. एकच लेक आहे मला. आणि ती तुझ्या शब्दावर विसंबून तिथे बसली होती!

मग मी बोलले.

"थांबूनच गेले तुझे बाबा!"

तिला माहीत नव्हतं. तुला हार्ट अटॅक आला एवढंच तिला माहीत होतं, ती त्या दुपारी शाळेत होती. सोफ्यावर तू छाती चोळत बसला होतास, मी टॅक्सी बोलावते म्हणाले, ॲम्ब्युलन्स बोलावते म्हणाले, आणि तू माझ्या हातातला फोन काढून घेतलास. "ॲसिडिटी आहे गं. अर्धा तास थांब. जाईल आपोआप." का रे? कुठला पाऊस होता तो? इतका हुशार माणूस, जगाच्या हवामानाची ॲप्स फोनमध्ये, आणि स्वतःच्या छातीतलं आभाळ दिसलं नाही? मी तुझ्यावर किती चिडले आहे, हे मला त्या खडकाखाली कळलं.

सई उठली, पिशवी पाठीवर घेतली आणि माझ्यामागे चालायला लागली.

दगडांवर पाणी आलं होतं. माझ्या गुडघ्यांना लागत होतं आणि ओढ अशी की पाय ठेवावा तिथे पडेना. तिच्या पिशवीचा पट्टा मी मुठीत आवळून धरला होता. मध्यावर तुझी काठी दोन दगडांत अडकली आणि तिच्या हातातून सुटली. ती वाकली.

"सोड ती!"

"इट्स बाबाज्!"

"सोड म्हणते ना!"

तिनं सोडली. काठी उभी थरथरली, आडवी झाली आणि गेली. आम्ही अलीकडच्या काठावर हातापायांवर चढलो. जिवात जीव आल्यावर मागे वळून बघितलं, तेव्हा एकही दगड दिसत नव्हता. नुसतं तपकिरी पाणी. दोघी कुडकुडत उभ्या होतो आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. उतरताना, बसमध्ये, विमानात, ती गरजेपुरतंच बोलली. घरी आल्यावर तुझ्याकडेही तिनं पाठ फिरवली. मला वाटलं, मी एका वाक्यात तिचा बाप तिच्यापासून हिरावून घेतला.

आता कालचं.

जेवण झालं आणि माझ्या छातीत जळजळायला लागलं. सकाळपासून दोन कप कोपी आणि वर मिरचीचं लोणचं, दुसरं काय होणार! मी सोफ्यावर, हो, त्याच सोफ्यावर, जरा आडवी झाले आणि सहज म्हणाले, "थोडं पडते. जाईल आपोआप."

खोलीचं दार उघडलं. सई बाहेर आली. दाराजवळचे माझे बूट तिनं उचलून आणले.

"अगं, ॲसिडिटी आहे—"

"आई. शूज."

आवाज शांत होता. टॅक्सी तिनं खोलीतूनच बोलावली होती. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पोहोचेपर्यंत तिनं माझ्या पर्सचा पट्टा मुठीत आवळून धरला होता. ईसीजी झाला, रक्त तपासलं. तरुण डॉक्टर हसून म्हणाली, "गॅस्ट्रिक ओन्ली, आंटी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सई हसली नाही. तिनं डॉक्टरला रिपोर्ट परत एकदा वाचायला लावला.

घरी आलो. तिनं बूट काढले आणि खोलीत गेली नाही. तुझ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "गॅस्ट्रिक ओन्ली. बट वी नेव्हर वेट." मग तिचा आवाज चिरकला. "तू पण हॉस्पिटलला जायला हवं होतंस ना रे."

आणि रडली, श्री. तुझ्यासमोर. तू गेल्यापासून पहिल्यांदा तुझ्यावर रागावून रडली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तुमचं तुम्ही बघा म्हटलं.

आज शाळेतून आल्यावर तिनं तुला चार्जरचं पुढचं प्रकरण सांगितलं. ऐकलंस ना?

पुढच्या जूनमध्ये आम्ही परत जाऊ. तिसरा धबधबा बघू. ढग दिसला तर मागे फिरू आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढू. तुझी काठी आता कुठल्या नदीत असेल कोण जाणे, सईसाठी नवी घेईन. आणि माझं कधी काही दुखलं, तर तुझ्या लेकीला मी "थांब" म्हणणार नाही. हा माझा शब्द.

अजून रागावलेली, आणि तुझीच,
मेधा